मोरीतली काळी स्लग आणि कातळावरची तिची चुलत बहीण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी जीवांवर पूर्ण पान आलं होतं त्याबद्दल लिहितेय. पान चांगलं होतं हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल की ही बाई फक्त चुका काढायला पत्रं लिहिते. बेडूक, वाणी, देवगांडूळ सगळं नीट होतं, देवगांडुळाला साप म्हटलं नाही याबद्दल तर खास आभार. पण शेवटी ती जी स्लगची, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायींची चौकट आहे ना, ती वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवलं, आता रिटायर आहे, आणि रत्नागिरीत राहत असल्यामुळे तुमच्या फोटोतला प्राणी मला ओहोटीच्या वेळी कातळावर नेहमी दिसतो.

चौकटीत लिहिलंय की बिनशंखाच्या गोगलगायींचे दोन गट आहेत, जमिनीवरच्या फुफ्फुसाने श्वास घेतात आणि समुद्रातल्या कल्ल्यांनी. ऐकायला एकदम सोपं, परीक्षेत दोन मार्क मिळवून देणारं वाक्य. आणि गंमत बघा, त्याच चौकटीत जो फोटो छापलाय तोच प्राणी हे वाक्य खोटं पाडतो. फोटोखाली तुम्ही लिहिलंय ‘समुद्री जळू’. अहो, जळू ही गांडुळाच्या खानदानातली, अंगावर वळ्या वळ्या, दोन्ही टोकांना चूषक. फोटोतला प्राणी लंबगोल, मळकट हिरवट, पाठभर पुळ्या, शेजारी कालवं चिकटलेली, म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला कातळ आहे हे उघड दिसतंय. हा मृदुकाय प्राणी आहे, त्यातही उदरपाद, म्हणजे गोगलगायीच्याच घरातला. कुळाचं नाव ओन्किडिडी. बहुतेक पेरोनिया असावी, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पेरोनिया वेरुक्युलाटा सर्रास मिळते, पण नुसत्या फोटोवरून प्रजातीवर शिक्का मारणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

आता हा प्राणी समुद्रकाठी राहतो, पिल्लं समुद्रात सोडतो आणि तरी त्याला फुफ्फुस आहे! मागच्या टोकाला, खालच्या बाजूला, गुदद्वाराच्या मागे एक बारीक भोक असतं, ओहोटीला कातळ उघडा पडला की ते उघडतं आणि हवा आत जाते. फुफ्फुस म्हणजे आपल्यासारख्या छातीतल्या दोन पिशव्या डोळ्यासमोर आणू नका. गोगलगायीच्या अंगावर प्रावाराची, म्हणजे शंख तयार करणाऱ्या कातडीची घडी असते, त्या घडीखाली पोकळी, आणि सागरी पूर्वजांचे कल्ले त्या पोकळीत असायचे. हवेवर जगणाऱ्यांमध्ये ते कल्ले गेले, पोकळीच्या छताला रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलं, कडा मिटत मिटत एकच भोक उरलं, पाहिजे तेव्हा उघडणारं आणि कोरडं पडलं की बंद होणारं. बस्, झालं फुफ्फुस.

आणि पेरोनियाने तर कमालच केलीय. फुफ्फुस आहे ते आहेच, शिवाय पाठीच्या मागच्या भागावर फांद्या फुटलेले कल्लेही आहेत. हे जुने, पूर्वजांकडून आलेले कल्ले नव्हेत, ते कधीच गेले, हे कातडीतूनच नव्याने फुटलेले. शिवाय कातडीतूनही श्वास चालतो. मग सांगा, तुमच्या दोन गटांपैकी हिला कुठे बसवायचं? फुफ्फुसवाल्यांत की कल्लेवाल्यांत? जमिनीवरच्या की समुद्रातल्या?

भरतीला ती काय करते तर फटीत, कपारीत जाऊन बसते. ओहोटी लागली, कातळ उघडा पडला की बाहेर येते, दगडावरचा शेवाळाचा आणि डायटम या एकपेशी जीवांचा पातळ थर खरवडत फिरते, मागे वाळूमिश्रित विष्ठेच्या दोऱ्या टाकत जाते (ओहोटीला कातळावर अशा दोऱ्या दिसल्या की जवळपास बघा, सापडेल), आणि पाणी चढायच्या आधी परत घरी. घरी म्हणजे खरंच घरी, तीच कपार. लेस्ली एरी आणि विल्यम क्रोझियर या दोघांनी बर्म्युडाच्या किनाऱ्यावर या कुळातल्या एका जातीचा अभ्यास करून १९२१ मध्ये सविस्तर लिहिलंय, एकेका कपारीत राहणारी मंडळी एकत्र बाहेर पडतात, चरतात आणि आपापल्या कपारीत परत येतात, शेजारच्यांच्यात घुसत नाहीत. पुढे दुसऱ्यांनी पेरोनियावर प्रयोग केले त्यात चिकट स्रावाची स्वतःची वाट धरून परतणं दिसून आलं.

डोळ्यांचं तर विचारूच नका. शिंगांच्या टोकाला दोन डोळे जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायींना असतात तसे आहेत, पण ओन्किडिडीतल्या बऱ्याच जातींच्या पाठीवरसुद्धा डोळे असतात. पुळ्यांच्या टोकावर, एकेका पुळीवर दोन-तीन-चार असे छोटे छोटे काळे ठिपके. आणि त्यांची रचना शिंगांवरच्या डोळ्यांपेक्षा वेगळी, प्रकाश पकडणाऱ्या पेशी उलट्या, प्रकाशाकडे पाठ करून, म्हणजे तुमच्या आमच्या डोळ्यात जशा असतात तशा. एकाच प्राण्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे डोळे! कार्ल सेम्पर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये या पाठीवरच्या डोळ्यांचं वर्णन छापलं आणि एक भन्नाट कल्पना मांडली की हे डोळे निवट्यांपासून वाचण्यासाठी आहेत. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा, ठाणे-रायगडकडे खातातही. निवटी वरून झडप घालायला आली की तिची सावली पाठीवरच्या डोळ्यांना कळणार आणि ही पाठीतल्या ग्रंथींतून स्राव सोडणार, असा सेम्परचा तर्क. पुरावा त्या मानाने तोकडाच होता, पण शिकवताना मी ही गोष्ट हटकून सांगायचे कारण वर्गात झोपलेली पोरं निवटी म्हटल्यावर जागी व्हायची.

या प्राण्याचा आणि आपल्या देशाचा संबंध जुना आहे, तोही तुमच्या चौकटीत दोन ओळींत मावला असता. ओन्किडिडी कुळाचं नाव ज्यावरून पडलं ते ओन्किडियम हे नावच मुळी भारतातल्या नमुन्यावरून दिलेलं. फ्रान्सिस ब्युकॅनन या कंपनीच्या डॉक्टरला बंगालात पाणकणसाच्या पानांवर हा प्राणी सापडला, १८०० साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात त्याने त्याचं वर्णन दिलं आणि नाव ठेवलं ओन्किडियम टायफी, टायफा म्हणजे पाणकणीस. त्या काळी याला चक्क ‘कृमी’त टाकलं होतं, त्यामुळे ‘समुद्री जळू’ लिहिणारे तुम्ही पहिले नाही, सव्वादोनशे वर्षांची परंपरा आहे. नंतर कुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०४ मध्ये मॉरिशसहून आलेल्या नमुन्यावर काम केलं, फ्रान्स्वा पेरोन याने तो आणला होता, त्याच्यावरून पुढे पेरोनिया हे नाव पडलं. मग १८६९ मध्ये फर्डिनांड स्टोलिच्का याने कलकत्त्याजवळच्या पोर्ट कॅनिंगच्या खाडीतून या कुळातल्या आणखी जाती नोंदवल्या. हा स्टोलिच्का खरं तर भूगर्भशास्त्रज्ञ, जिऑलॉजिकल सर्व्हेत नोकरीला, जीवाश्मांवर डोंगराएवढं काम केलं आणि १८७४ मध्ये मध्य आशियातल्या यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये वारला, लेहमध्ये त्याची समाधी आहे. खाडीच्या चिखलात स्लग शोधणारा माणूस हिमालयात जाऊन संपला.

आणि आपल्या मुंबईचं सांगायचं तर पी. आर. आवटी आणि के. आर. करंदीकर यांनी याच प्राण्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिलाय, शरीररचना, भ्रूणविकास आणि राहणीमान असं सगळं त्यात आहे. मुंबई युनिव्हर्सिटीने १९४८ मध्ये झूऑलॉजिकल मेमॉयर म्हणून छापला, आणि त्या मालिकेतला तो नंबर एक. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच युनिव्हर्सिटीला प्राणिशास्त्राची मालिका सुरू करायची होती तेव्हा वाघ-हत्ती नाही, ओहोटीच्या कातळावरची ही पुळ्यावाली स्लग निवडली. परदेशातले लोक या कुळावर पेपर लिहितात तेव्हा आजही आवटी-करंदीकरांचा हवाला देतात. आपल्या पेपरात मात्र जळू.

असो. आता वर्गीकरणाकडे येते, कारण खरा गोंधळ तिथे आहे आणि तो फक्त तुमचा नाही, गाईडं आणि कॉलेजच्या नोट्ससुद्धा अजून तिथेच अडकल्यात. आम्ही शिकलो आणि शिकवलं ते असं: उदरपादांचे तीन उपवर्ग, प्रोसोब्रँकिया म्हणजे कल्ले हृदयाच्या पुढे, ओपिस्थोब्रँकिया म्हणजे कल्ले हृदयाच्या मागे, आणि पल्मोनाटा म्हणजे फुफ्फुसवाले. यातली पहिली दोन नावं ऑन्री मिल्न एडवर्ड्सने १८४८ मध्ये दिलेली. सागरी स्लग गेल्या ओपिस्थोब्रँकियात, बागेतल्या गेल्या पल्मोनाटात, आणि तुमची चौकट ही त्याचीच मराठी आवृत्ती. १८४८ च्या मानाने काम उत्तमच होतं, सूक्ष्मदर्शक आणि सुरी एवढ्यावर माणसं काय काय करत होती. पण श्वास कशाने घेतो यावरून नातं ठरवायचं म्हणजे घोळ होणारच, कारण श्वासाची सोय राहण्याच्या जागेप्रमाणे बदलते. शंखाचंही तसंच. शंख कमी कमी होत जाऊन स्लग बनण्याचा प्रकार गोगलगायींच्या वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे कितीतरी वेळा झालाय. काहींच्या अंगात अजून शंखाची छोटीशी चकती शिल्लक असते, लिमॅक्स नावाच्या स्लगमध्ये असते, वरून दिसत नाही. म्हणजे स्लग हे कुळ नाही, जात नाही, तो एक आकार आहे. शंख टाकला की चुना लागत नाही, बारीक फटीत शिरता येतं, फक्त अंग सुकायची भीती वाढते, हा व्यवहार ज्याला ज्याला परवडला तो तो स्लग झाला.

मग डीएनए आला आणि सगळं उलटंपालटं झालं. कॅथरिना योर्गर आणि तिच्या सहकाऱ्यांचा २०१० चा पेपर या बाबतीत महत्त्वाचा. त्यांनी जनुकं ताडून पाहिली तेव्हा ओपिस्थोब्रँकिया नावाचं एकसंध घराणं उरलंच नाही. न्यूडिब्रँक, म्हणजे त्या रंगीबेरंगी, इन्स्टावर फिरणाऱ्या सी-स्लग, त्या एका बाजूला राहिल्या. आणि सॅकोग्लॉसा म्हणजे शेवाळाचा रस शोषणाऱ्या हिरव्या सी-स्लग, ज्यांना फुफ्फुस बिफ्फुस काही नाही, त्या जाऊन बसल्या फुफ्फुसवाल्यांच्या गटात! त्या मोठ्या गटाला आता पॅनपल्मोनाटा म्हणतात. दुसऱ्याच वर्षी काही शास्त्रज्ञांनी तर पेपरच्या शीर्षकातच ओपिस्थोब्रँकियाला ‘बाय बाय’ केलं, शास्त्रज्ञ लोक कधीतरी असा वात्रटपणा करतात ते बरं वाटतं.

या सॅकोग्लॉसातली एलिसिया तुम्हाला माहीत असेल, शेवाळातली हरितद्रव्याची कणं गिळून पचवत नाही तर स्वतःच्या पेशींत साठवून ठेवते, म्हणून हिरवीगार दिसते. कुठलीही सामान्य माणसं म्हणतील की ही न्यूडिब्रँकची बहीण, दोन्ही पाण्यात, दोन्ही बिनशंखाच्या. पण नात्याने ती तुमच्या कुंडीतल्या स्लगला जास्त जवळची निघाली. याच सॅकोग्लॉसात काही जातींना शिंपल्यासारखी दोन झाकणं असतात, त्यांचे जीवाश्म लोक शिंपलेच समजत होते, १९५९ मध्ये जपानमध्ये जिवंत प्राणी हाती लागला तेव्हा कळलं की आत गोगलगाय आहे. म्हणजे शंखावरून ओळखावं तर तिथेही फसगत.

त्याहून मजा थायलंडची. २००९ मध्ये थायलंडच्या आखातातल्या पाक फनांग खाडीतल्या कांदळवनातून एक छोटी काळी स्लग नोंदवली गेली, नाव एटेंग एटर. एटेंग हे तिथल्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातलं एक काळं पात्र, त्याच्यावरून. ही बाई राहते खाडीच्या चिखलावर, ना धड पाण्यात ना धड जमिनीवर, आणि खाते काय तर किड्यांचे कोश. ज्यांनी ती शोधली त्या स्वेनेन आणि बुआटिप यांनी सरळ शीर्षकातच लिहून टाकलं की हिचं वर्गीकरण करणं अवघड आहे. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. पुढे २०११ मध्ये बारकाईने आतली रचना आणि जनुकं तपासल्यावर ती अकोक्लिडिया या गटात बसली, तोही पूर्वी ओपिस्थोब्रँकियात मोडायचा आणि आता पॅनपल्मोनाटात मोडतो.

आता घरात या. पावसाळ्यात मोरीत, तुळशीच्या कुंडीखाली, जिन्याच्या ओल्या कोपऱ्यात जी काळपट, चपटी, पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली स्लग दिसते, तुमच्या पानावर पहिला फोटो तिचाच आहे, ती बहुतेक वेळा लेव्हिकॉलिस आल्टे. मूळची आफ्रिकेची, पण आपल्याकडे इतकी मुरलीय की कोणाला परकी वाटत नाही. व्हेरोनिसेलिडी हे तिचं कुळ. तिच्या अंगावर परदेशी पुस्तकातल्या चित्रासारखं उजव्या बाजूला श्वासाचं भोक शोधाल तर सापडणार नाही, कारण पाठीची जाड चामडी सगळं अंग झाकून टाकते आणि भोक असतं मागच्या टोकाला. ओळखीची वाटतेय ना रचना? कातळावरच्या पेरोनियाचंही भोक मागेच. ही दोन्ही कुळं सिस्टेलोमॅटोफोरा या एकाच गटातली, आणि डीएनएनेही ते नातं बऱ्यापैकी टिकवलं. म्हणजे तुमच्या मोरीतल्या काळ्या स्लगची जवळची नातलग बागेतली शंखी गोगलगाय नाही, तर ओहोटीच्या कातळावर कालवांच्या शेजारी बसलेली ती ‘समुद्री जळू’ आहे. तुमच्या एकाच पानावर दोन सख्ख्या चुलत बहिणी छापल्यात आणि चौकटीत लिहिलंय की यांचा एकमेकींशी संबंध नाही!

हे घरबसल्या तपासायचं असेल तर एक सोपी खूण आहे. बागेतल्या शंखवाल्या गोगलगायीच्या वरच्या शिंगाला गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करा, शिंग टोकापासून आत उलटत जातं, पायातला मोजा काढताना उलटा होतो तसं. डोळा आधी गायब होतो. मोरीतल्या काळीचं शिंग तसं उलटत नाही, ते फक्त आक्रसतं, आखूड होतं. पहिल्या प्रकारच्या गटाला स्टायलोमॅटोफोरा म्हणतात आणि जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी, शंखवाल्या असोत की बिनशंखाच्या, त्यात मोडतात. एवढं एक निरीक्षण पोरांना करायला लावलं तरी गाईडातली चार पानं वाचायची गरज नाही.

स्टायलोमॅटोफोरावरून आठवलं, आपल्या आंबोलीचं नाव तुमच्या पानावर नव्हतं याचं आश्चर्य वाटलं. अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि बेन रॉसन यांनी २०२१ मध्ये सह्याद्रीतून अर्ध्या स्लगची एक नवी प्रजाती, नवी कसली, अख्खं नवं जीनस (प्रजातीच्या वरचा गट) नोंदवलं, वराडिया आंबोलिएन्सिस. नाव सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून आणि आंबोलीवरून. अर्धी स्लग म्हणजे शंख आहे, पण इतका छोटा की प्राणी पूर्ण आत मावत नाही, प्रावाराच्या पाळी शंखावर चढलेल्या. शंख टाकण्याच्या वाटेवर प्राणी कसा दिसतो हे बघायचं तर वराडिया बघा. ही आफ्रिकेतून आलेली नाही, आपल्या डोंगराची आहे, भाजी खायला तुमच्या परसात येत नाही.

आणि म्हणूनच तुमच्या पानाच्या शेवटी ‘उपाय: स्लग दिसताच मीठ टाका’ हे जे लिहिलंय त्यावर माझी तक्रार आहे. मीठ टाकल्यावर काय होतं तर अंगातलं पाणी ऑस्मोसिसने बाहेर ओढलं जातं आणि प्राणी तडफडत, फेस काढत मरतो, मिनिटात मरत नाही, वेळ लागतो. वर कुंडीत मीठ गेलं की झाडाचीही वाट. आणि दिसेल त्या स्लगवर टाका म्हणजे आंबोलीला फिरायला गेलेला माणूसही खिशात पुडी घेऊन जाणार का? ज्या खरोखर त्रास देतात त्यांचा बंदोबस्त करायलाच हवा, मी काही अहिंसेचं प्रवचन देत नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची रोपं कशी फस्त केली आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली ते तुमच्याच पेपरात वाचलंय. त्या बाबतीत मोठी आफ्रिकन गोगलगाय बदनाम आहे, ती तर १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या शौकीन साहेबाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडली आणि तिथून देशभर पसरली. एका माणसाचा छंद आणि पावणेदोनशे वर्षं शेतकरी भोगतोय. तिच्यासाठी कृषीवाले सांगतात तेच बरं, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर टाकायची, सकाळी खाली जमलेल्या गोळा करायच्या, अंडी शोधून नष्ट करायची. मेटाल्डिहाइड या गोगलगायींच्या विषाच्या गोळ्या वापरायच्या तर कुत्री, कोंबड्या, लहान मुलं यांच्यापासून लांब, कारण कुत्र्यांना त्या खाव्याशा वाटतात आणि जिवावर बेततं. मोरीतल्या एकट्यादुकट्या स्लगला कागदावर घेऊन बाहेर टाकलं तरी काम होतं.

हाताने उचलू नका मात्र, आणि हे तुमच्या पानावर यायला हवं होतं. उंदरांच्या फुफ्फुसात राहणारा एक जंत आहे, अँजिओस्ट्राँगायलस कॅन्टोनेन्सिस, १९३५ मध्ये चीनमधल्या कँटनच्या उंदरांत पहिल्यांदा वर्णन झालं म्हणून ते नाव. त्याची पिल्लं उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत किंवा स्लगमध्ये जातात, तिथे वाढतात, आणि ती स्लग उंदराने खाल्ली की चक्र पूर्ण. माणसाच्या पोटात चुकून गेली, म्हणजे न धुतलेल्या पालेभाजीत किंवा सॅलडमध्ये चिरडलेली बारीक स्लग वगैरे, तर ती मेंदूकडे जातात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. मुंबईतल्या उंदरांमध्ये हा जंत असल्याचं १९८० च्या दशकातच छापून आलंय आणि लेव्हिकॉलिस त्याची वाहक असते. घाबरायचं कारण नाही, शिजवलं की जंत मरतो, पण पावसाळ्यात कोथिंबीर, पालक, कोबी नीट पानं सोडवून धुवा आणि स्लगला हात लागला तर साबणाने धुवा. कातळावरच्या पेरोनियाबद्दल हे म्हणत नाहीये हं, उगाच किनाऱ्यावर जाऊन लोकांनी तिलाही झोडपायला नको.

फोटोवरून प्रजाती का सांगत नाही ते राहिलंच. ओन्किडिडी कुळात बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या जाती आहेत, रंगही चिखलाप्रमाणे, उन्हाप्रमाणे बदलतो, त्यामुळे दोनशे वर्षांत लोकांनी एकाच जातीला दहा नावं आणि दहा जातींना एकच नाव असा सगळा बाजार करून ठेवला होता. बेन्वा डेरा नावाचा शास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी हा गुंता सोडवतायत, किनाऱ्या-किनाऱ्यावर जाऊन नमुने गोळा करायचे, डीएनए काढायचा, आतली जननेंद्रियं तपासायची आणि मग जुन्या म्युझियममधल्या मूळ नमुन्यांशी ताडायचं. पेरोनियाची त्यांची नवी मांडणी २०२० मध्ये आली. जननेंद्रियं बघावी लागतात कारण हे सगळे उभयलिंगी, आणि नराचं छिद्र पुढे उजव्या शिंगाजवळ, मादीचं पार मागे गुदद्वाराजवळ अशी विचित्र मांडणी असते, बाहेरून सारखे दिसणारे आतून मात्र वेगळे निघतात. म्हणून वाचकांनी पाठवलेल्या फोटोखाली तुम्ही ‘ओन्किडिडी कुळातली हवेवर श्वास घेणारी सागरी स्लग’ एवढं लिहिलंत तरी पुरेसं आणि बरोबर आहे, प्रजातीचा हट्ट नको.

वाचकांचे फोटो मागवताय तर सोबत दोन ओळी मागवा, कुठे मिळाली, ओहोटी होती का, कातळ की चिखल की कांदळवन. शक्य असेल तर बाजूने आणि खालून असे फोटो मागवा, भोक आणि पायाची रुंदी खालूनच दिसते, उचलून बघितली तर परत त्याच जागी ठेवायला सांगा कारण तिचं घर तिथेच आहे. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर नेऊन असे प्राणी दाखवतात, त्यांना विचारलं असतं तर ही जळू तुमच्या पेपरात शिरलीच नसती. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानावर कोपऱ्यात नको, त्याच चौकटीच्या जागी छापा, आणि मिठाचं वाक्य तेवढं काढा.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका, रत्नागिरी